सेटवरचा हार

चि. विशाखा,
सप्रेम जय भीम.

मालिकेत तू केलेली सून मेली, तेव्हा सेटवरचा तुझा चंदनी हार घातलेला फोटो तू हौसेनं घरी आणलास. "आई, बघ, मेल्यावर किती छान दिसते मी!" म्हणालीस. पप्पा भडकले. "जित्या पोरीच्या फोटोला हार? काढ आधी!" फोटो भिंतीवर राहिला, हार पेटीत गेला.

पुढं मालिकांचं काम सोडून तू नर्सिंग शिकलीस, ॲम्ब्युलन्सवर लागलीस. पप्पा गेले त्या दिवशी घाईत मी पेटीतला तोच हार त्यांच्या फोटोला घातला. चूक तिथंच झाली.

महिन्यापूर्वी सकाळी उठले, तर हार तुझ्या फोटोवर. घरात मी एकटीच. आपण असलं काही मानत नाही. मी पुस्तकंही पुष्कळ वाचलीत. वाटलं, मीच विसरून घातला असेल. परत पप्पांच्या फोटोला घातला, खिळ्याला दोऱ्यानं घट्ट बांधला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुझ्यावर. दोरा खिळ्यालाच होता, गाठ सुटलेली नव्हती.

त्याच दुपारी तुझा फोन आला. "आई, बिडकीनजवळ आमची गाडी उलटता उलटता वाचली."

हार जाळायला हात धजला नाही. पप्पांना घातलेला होता. मग मी तुझा फोटो उतरवला, त्या खिळ्यावर माझा लावला आणि हार स्वतःच्या हातानं घातला. तेव्हापासून तो हललेला नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तू धावत येशील आणि आल्या आल्या हार काढशील.

तुझीच,
आई