वाळूतली पाच घरटी

४ मार्च
चि. भाऊराया यास अ. उ. आ.

इथे माझं डोकं ठिकाणावर नाही. नदीतल्या वाळूच्या बेटावरची कासवांची दोन घरटी कुणीतरी उकरून नेली. हे जनावराचं काम नव्हे. जनावर टरफलं टाकून जातं; इथे वाळू हाताने सारखी केलेली. या जातीच्या अकराच माद्या नदीत उरल्यात, त्यांनी यंदा पाच ठिकाणी अंडी घातली. शौकीन लोक पिल्लं काचेच्या पेटीत पाळायला टपलेले असतात, म्हणून आम्ही तिथे खुणेचा दगडही ठेवत नाही. जागा दोघांनाच ठाऊक, मला आणि पहारेकरी मामांना. तुला नकाशा काढून पाठवला होता, पण तू घरचा, तुला कुठे मोजायचं.

मामांवर संशय घ्यायला जीभ धजत नाही. पण हल्ली ते उशिरा येतात, मी होडीपाशी गेले की गप्प होतात. काल त्यांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत वाळूने माखलेली होती. विचारलं तर म्हणाले, घसरून पडलो. बेटावर काल त्यांची पाळीच नव्हती.

दुकानात फ्रेमची काच जपून काप, बोट नको. आठवण ठेवतोस, तशीच ठेव.
तुझी ताई

११ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

बिस्किटांचा डबा रिकामा दिसला की तू आधी माझं तोंड हुंगायचीस, म्हणून तुझ्या संशयाला मी सहसा भीक घालत नाही. (डबा मीच संपवलेला असायचा, ते सोड.) पण या वेळी पटतं. दोघांनाच ठाऊक, त्यातली एक तू, मग उरलं कोण? वीस वर्षं पहारा केला म्हणून कुणी धुतल्या तांदळासारखा होत नाही. भीड सोड, तुझ्या वनखात्याच्या साहेबांच्या कानावर घाल.

फ्रेमचं दुकान बरं चाललंय. गिऱ्हाइकांना तुझं कौतुक सांगून पिडतो.
माया आहे तेवढी राहू दे.
तुझा भाऊ

२० मार्च
चि. भाऊस अ. उ. आ.

उरलेली तीन घरटीही रिकामी झाली. मग तुझं ऐकलं, साहेबांना सांगितलं. मामांना घरी बसवलंय. ते एक शब्द उलट बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे असं बघितलं की जणू चोर मीच. आधी संताप आला, मग रडू आलं. यंदा नदीला एकही पिल्लू मिळणार नाही.
तुझी ताई

२६ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा नकाशा मी फ्रेम करून दुकानात लावला होता. इतका सुरेख काढलेला, बेट, बुडालेलं झाड, पाच फुल्या. येईल त्याला सांगायचो की बहीण कासवं वाचवते. फेब्रुवारीत एक माणूस तीनदा आला, एकही फ्रेम करून घेतली नाही. नदी कुठली विचारलं, मी सांगितली. काल परत आला आणि म्हणाला की पुढच्या वर्षीचा नकाशा आला की कळवा.

नकाशा उतरवला. त्याच्या गाडीचा नंबर पोलिसांना दिला, साहेबांनाही सगळं लिहिलं. मामांना काय तोंड दाखवू, ताई? त्यांच्याविरुद्ध तुला भरीस मीच पाडलं.
तुझा अपराधी भाऊ

३ एप्रिल
चि. भाऊस आशीर्वाद, या वेळी थोडे हात आखडून.

मी मामांच्या घरी गेले, माफी मागितली. त्यांनी चहा पुढे केला. मग म्हणाले की त्यांनीही तोच हिशेब केला होता: जागा दोघांना ठाऊक, त्यांनी स्वतः अंडी नेली नाहीत, म्हणजे चोर मीच असणार. बोलले असते तर माझी नोकरी गेली असती, म्हणून स्वतःची जाऊ दिली. पण उरलेली अंडी माझ्या हाती लागू नयेत म्हणून त्यांनी गुपचूप तिन्ही घरटी दुसरीकडे हलवली; पॅन्टवरची वाळू नवी जागा उकरून पाहतानाची. अंडं उलटलं तर आतला जीव मरतो, म्हणून वरची बाजू वरच ठेवून, मी शिकवलं होतं तशी. सगळी सुखरूप आहेत.

मला मान वर करवेना. त्यांनी मला चोर समजूनही सांभाळलं, आणि मी?

सोमवारपासून ते कामावर आहेत. आल्या आल्या नवी जागा दाखवतो म्हणून होडीकडे निघाले. मी त्यांचा हात धरून थांबवलं. म्हटलं, मला नका सांगू, मला कळलं की मी भावाला लिहीन.

तुझी ताई