शिपाई कोणाचे

४ मार्च

आज नव्या घरी कामाला आले. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि भरपूर उजेडाची लांब गॅलरी. मालकांना सगळी गल्ली घड्याळजी म्हणते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आता ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. तिला ते चिमणी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. शाळेत चित्रकला शिकवायची. रक्ताच्या आजारावर जहाल औषधं घेऊन नुकतीच घरी आली आहे आणि तिला जपायला मला ठेवलं आहे.

घर पाहून जीव सुखावला. चपला बाहेर, आल्यावर कपडे बदलायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, भांडी उकळायची, फुलं आणि कच्ची फळं आत आणायची नाहीत. मी वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण असं घर पाहिलं नाही. घड्याळजी म्हणाले की दुकानात इतकी घड्याळं आहेत, तरी जेवायची वेळ झाली हे त्यांना कोणीतरी हाक मारून सांगावं लागतं. वर येताना ते अर्ध्या जिन्यात थांबतात आणि विचारतात, "ताप?" मी वरून "नाही" म्हटलं की मग हात धुवायला जातात. पहिल्याच दिवशी हा आमचा रिवाज होऊन गेला.

चिमणी गोड आहे. हाताला क्रीम चोळून घेताना म्हणाली, "मावशी, तुमचे हात किती मऊ आहेत." माझ्या हातांचं कौतुक मला नवीन नाही, पण गालातल्या गालात हसले खरी.

६ मार्च

रक्त तपासायला दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या निघाल्या. म्हणाल्या, पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी असतात, त्यांना शिपाई समजा. जंतू शिरला की सगळ्यांत आधी त्या धावतात. वासावर जावं तशा जातात, रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढून जातात. जंतूला गिळतात, नाहीच जमलं तर स्वतः फुटून आपलीच आतडी जाळ्यासारखी त्याच्यावर फेकतात आणि तिथेच मरतात. जखम लाल होते, सुजते, ठणकते ती यांच्याच धावपळीमुळे, आणि पू म्हणजे बहुतेक यांचीच प्रेतं.

चिमणीच्या औषधांनी हा कारखानाच बंद पडला आहे. म्हणून तिच्या अंगावर काही दिसणार नाही. लाली नाही, सूज नाही, पू नाही. जंतू घरभर फिरेल आणि साधी कडीसुद्धा वाजणार नाही. एकच खूण, ताप. तापमान शंभरच्या पुढे गेलं की कपडे बदलायलाही थांबू नका, तशीच इथे आणा, आणि तापाची गोळी तर द्यायचीच नाही, कारण ती आहे तेवढी खूणही पुसून टाकते. घड्याळजींनी विचारलं, पू दिसला तर? बाई हसल्या. म्हणाल्या, दिसला तर कारखाना सुरू झाला म्हणायचं.

मी विचारलं, मग हे शिपाई जितके जास्त तितकं बरं का? त्यांनी मान हलवली. संसर्ग रक्तात पसरला की हेच बिथरतात, म्हणाल्या. फुप्फुसात घुसतात, बारीक नळ्या तुंबवतात, चोर धरायच्या नादात घरालाच आग लावतात.

परत येताना घड्याळजी मला म्हणाले की कधी सर्दी, फोड, काहीही झालं तर नुसतं सांगा आणि घरी जा, पगार चालू राहील. मी जरा रागानेच म्हटलं की माझ्यामुळे आजवर कोणाला काही झालेलं नाही.

९ मार्च

स्वयंपाकाच्या काकू आज दोनदा शिंकल्या. मी त्यांना दारातच थांबवलं आणि बरंच सुनावलं. एका शिंकेने माणूस जातं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असंही बोलले. त्या पदराने नाक पुसत उतरल्या. घड्याळजींनी माझे आभार मानले. दिवसभर मी तोऱ्यात होते.

१२ मार्च

उजव्या तर्जनीच्या नखाशी कातडीचं कुसळ निघालं होतं. कात्री उकळायचा कंटाळा केला आणि दातांनी ओढून टाकलं. मीच! संध्याकाळी तिथे जरा हुळहुळलं. औषध लावून हातमोजा चढवला. एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करायचा.

१४ मार्च

नखुरडं झालं आहे. बोट तांबडंलाल आहे, नखाच्या कडेला पिवळट पांढरा ठिपका आहे आणि ठणका खांद्यापर्यंत जातो. माझे शिपाई कामाला लागलेत.

सांगायला हवं. सांगणं किती सोपं आहे. रागावणार नाहीत, पगार कापणार नाहीत, उलट काळजी घ्या म्हणतील. पण काकूंना दारात जे बोलले ते घड्याळजींनी ऐकलं आहे. आता कोणत्या तोंडाने सांगू? दोन दिवसांत बसेल. तोवर हातमोजा आहेच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चिमणीच्या हातांना क्रीम चोळलं. नंतर मोजा काढला तर तर्जनीच्या टोकाशी फाटलेला. आतून ओला होता. मी तो कागदात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी घातला. चोरासारखी इकडे तिकडे पाहत होते. स्वतःच्या कामाची अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

१५ मार्च

दुपारी तिला एकशे एक ताप. थर्मामीटर पुन्हा लावला, तेवढाच.

तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "मावशी, आजचा दिवस नको. पुन्हा त्या पलंगावर नको. उतरेल ना आपोआप?" मी तिला समजवायला हवं होतं. पण दवाखान्यात पहिला प्रश्न येणार, घरात कोणाला काही झालंय का, आणि मग सगळ्यांसमोर मला मोजा काढायला सांगणार. तिच्या हट्टासाठी मी गप्प बसले असं मी तिला भासवलं. इथे तरी खरं लिहिते, मी माझ्यासाठी गप्प बसले. माझ्या पिशवीतली तापाची गोळी दिली. तासाभरात अंग गार झालं आणि ती छान झोपली.

घड्याळजींचा जिन्यातून आवाज आला, "ताप?"

"नाही," मी म्हटलं. आवाज नेहमीसारखाच आला. याचंच नवल वाटतं.

१६ मार्च

सकाळी पुन्हा ताप, पुन्हा गोळी. पुन्हा "नाही".

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण बोलायला कोणी नाही. बोट सगळीकडे सारखं ठणकत नाही. स्वयंपाकघरात, तिच्या खोलीपासून लांब, जीव जातो. तिच्या दाराशी आले की ठणका मंदावतो. आत गेले की शांत. मनगटावर एक लाल रेघ उमटली आहे. अशा रेघा मी वॉर्डात पाहिल्या आहेत, त्या काखेकडे चढतात. ही चढत नाही. मी गॅलरीत तोंड फिरवून उभी राहिले तर ती मनगटाला वळसा घालून मागे गेली, तिच्या खोलीकडे. डोळ्यांदेखत.

मला ताप असेल. मी स्वतःला थर्मामीटर लावून पाहिलेला नाही.

चिमणी म्हणाली, "मघाशी कपाळावर हात ठेवलात ना, फार बरं वाटलं. पण ओला का होता?" मघाशी मी भांडी उकळत होते. तिच्या खोलीत गेलेच नव्हते.

१७ मार्च, सकाळ

बोट बरं झालं आहे.

बरं झालं असं म्हणवत नाही. सूज नाही, लाली नाही, ठिपका नाही. रेघही नाही. बोट पांढरं, गार, धुतलेल्या चिंधीसारखं. फुटलं नाही, वाहिलं नाही. चादर कोरडी आहे. मग ते गेलं कुठे?

चहा देताना तिचा हात पाहिला. उजवी तर्जनी. नखाच्या कडेला पिवळट पांढरा ठिपका.

दुपार

तिच्या बापाने पाहिला. मी लपवणार होते, पण तिनेच बोट पुढे केलं. ते दारातच मटकन बसले. मग हसायला लागले, डोळ्यांतून पाणी, आणि म्हणाले, "पू आहे. अहो, पू झालाय तिला. कारखाना सुरू झाला." ताप नाही ना, असं मला विचारलं. नाही म्हटलं. मग परवा तपासणीला जायचंच आहे, तेव्हा डॉक्टरीणबाईंना चकित करू, म्हणाले.

मग त्यांनी मला हात जोडले. "तुमच्या हाताला यश आहे हो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते शिपाई तिचे नाहीत हे मला ठाऊक आहे. वासावर गेलेत. माझ्यामुळे जे तिच्यात शिरलं, त्याच्यामागे माझ्यातूनच गेलेत.

संध्याकाळ

काकू आल्या. सर्दी पूर्ण गेल्यावर, डॉक्टरांना दाखवून. दाराबाहेर उभ्या राहून माझी माफी मागितली. म्हणाल्या, तुम्ही बोललात ते बरंच केलंत, पोरीला माझ्यामुळे काही झालं असतं तर मी जगले नसते.

मी "असू दे" म्हणाले. असू दे! जीभ झडली असती तर बरं.

१८ मार्च

ठणका तिच्या खांद्यापर्यंत गेला आहे. लाल रेघ कोपरापाशी. तिची सरळ वर चढते, पुस्तकात असते तशी. तिला वाटतं बरं होताना असंच होत असेल. गोळी आता दोन तासही पुरत नाही.

माझ्या अंगावर काही उमटत नाही. सुरीने अंगठा कापला मघाशी. लाल झाला नाही. दुखलाही नाही. कडी वाजत नाही. घसा मात्र आतून सोलल्यासारखा, आणि थंडी भरते —

आज सांगणार. घड्याळजी जेवायला वर आले की सांगणार.

दुपारी

आले. जेवले. तिच्यासाठी रंगांची नवी पेटी आणली. मला पण काहीतरी आणलं. हातमोजे. चांगले, जाड. "तुमच्या हातांसाठी."

सांगितलं नाही.

नंतर

श्वास जोरात चालला आहे तिचा. नाकपुड्या फुलतात. ओठ निळसर — बाई म्हणाल्या होत्या, फुप्फुसात घुसतात. बिथरतात. माझेच बिथरलेत. ओळखीचं तिथे काही नाही त्यांना, सगळंच परकं, सगळंच चोर —

ती म्हणाली, "मावशी, इतके हात कोणाचे आहेत?"

खोलीत ती एकटी. आणि मी दाराबाहेर.

अजून वेळ आहे. आत्ता नेलं तर वाचेल. फक्त एक वाक्य. ताप चार दिवस आहे, गोळ्या मी दिल्या, बोट माझं होतं. एवढंच. एवढ्याने ती वाचते आणि मी फक्त लाजेने मरते. यात विचार करण्यासारखं काय आहे?

हाक मारायला गॅलरीत गेले. तोंडातून हवा आली नुसती.

जिना वाजतोय. त्यांची पावलं. अर्ध्यात थांबतील, विचारतील. या वेळी जीभ फिरू द्यायची नाही. बोलायचं ते आधी लिहून घेते, मग लिहिलेलं वाचायचं, बस. अक्षर लागतंय.

थांबले.

विचारलं.

ताप आहे. ताप आहे. घड्याळजी, ताप आहे. तिला ताप नाही