सुनेचे झगे आणि माझं तोंड

प्रिय धाकटे, तुला ताईचे भरभरून आशीर्वाद (त्यातले थोडे गुडघ्याला चोळ).

गुडघा आता कसा आहे? आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त बसायला जागा नाही. सुनेनं चांगली नोकरी सोडून कपड्यांचा ब्रँड काढला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. बाहेरच्या खोलीतला सोफा गेला. तिथे दोन शिलाई मशिनं आली आणि माणसाएवढी एक बिनमुंडक्याची बाहुली. तुझ्या भाऊजींनी चष्मा नसताना तिला "बसा ना" म्हटलं. (मला लग्नापासून एकदाही म्हटलेलं नाही.)

सून शिवते ते झगे. ढगळ, आणि दोन्ही अंगांना पोत्यासारखे खिसे. पहिलं प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. दुपारपर्यंत कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. पोरगी घड्या मोडायची, पुन्हा घालायची. मान काही वर करेना. मला बघवेना गं. तेवढ्यात एक बाई आल्या, झगा चाचपून म्हणाल्या, "खिसे जरा जास्तच मोठे नाहीत?" आता घरी मीही हेच म्हणत होते, पण परक्या बाईनं म्हणावं? मी म्हटलं, "मोठे कसले! अख्खा संसार मावेल, वर नवऱ्याला कोंबायला जागा उरेल!" बाई हसत सुटल्या. स्वतःला एक घेतला, फोन करून बहिणीला बोलावलं, बहिणीनं मैत्रिणींना. संध्याकाळी टेबलावर फक्त टेबलक्लॉथ उरला (त्याचाही भाव एकीनं विचारला).

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, तुमचं ते वाक्य लेबलावर छापू?" म्हटलं, छाप. तेव्हापासून घरात बोलायची चोरी! "हा रंग आहे की कावीळ?" म्हटलं, तर तो झगा 'कावीळ' याच नावानं हातोहात खपला. "यात दोघी राहतील, भाडं घे" म्हटलं, त्याची जाहिरात झाली. मी तोंड उघडलं की ही पेन शोधते. सासू म्हणून काही धाकच उरला नाही. आता शिवायला बायका येतात आणि लवकरच बाजारात दुकान निघतंय. मशिनं तिकडे हलली की सोफा परत येणार म्हणून भाऊजी खूश आहेत. पण रिकाम्या घरात सोफ्यावर बसून मी बोलू कुणाला?

तुझी,
ताई

ता.क. सून पुढच्या आठवड्यात तुमच्याकडच्या प्रदर्शनाला येतेय. तुझ्याकडेच उतरव. कामात जेवण विसरते. समोर बसून खाऊ घाल.

आणखी एक ता.क. तिच्या झग्यांना अजिबात नावं ठेवू नकोस. तुझी जीभ माझ्याहून तिखट. तुझं एखादं वाक्य छापलं गेलं, तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही.