प्रिय पाठक

प्रिय दीदी,

मी तुझ्यावर जाम भडकून आहो. काकूवर त आहोच, पण तुझ्यावर जास्त. मी मॅचसाठी दुर्गले काय गेलो, इकडं तुझा मोबाइल हिसकून तुले मामाकडे भनपुरीले नेऊन टाकलं. रविवारी लग्नासाठी पोट्टेवाले तुले पाहाले येऊन राहिले, अन् तू तोंडात मूग धरून बसली!

केलं काय होतं तू? ती विलायती हसवणारी कादंबरी हिंदीत करून छतावर जोरजोरानं वाचत होती. जुन्या जमान्यातले लेखक मधातच गोष्ट थांबवून वाचणाऱ्याशी गप्पा हाणत, भाग ऐन मोक्यावर तोडत, हे तूच सांगतलं मले. म्हणून तू पण म्हणे, "प्रिय पाठक, अब आपसे क्या छुपाना! कल शाम फिर यहीं मिलेंगे." तेवढ्यात अंजनाकाकू पापड उचलाले वर आली. काकू यवतमाळची, आपल्यासारखी हिंदी शाळेत शिकली नाही. हिंदीत पाठक म्हणजे वाचणारा, हे तिले कोण सांगीन? तिच्यासाठी पाठक म्हणजे आडनाव, अन् आडनाव म्हणजे नाक्यावरचा मोबाइल कव्हर विकणारा पाठक. तिनं खाली जाऊन बाबाले सांगतलं, पोरगी त्याले छतावर भेटते. तो भैताड शिंकाच्या आधी पण आईले विचारते!

तू आधी वाचलेल्या कादंबरीत असंच होते नं? कोणी अर्धं ऐकते, गोंधळ होते, शेवटच्या भागात उलगडा, सगळे हसतात, जोड्या लागतात, बदमाशाले पण माफी. मी पोट धरून हसलो होतो. इथं कोणी हसून नाही राहिलं. बाबा अर्ध्या ताटावरून उठतात. काकू सांगे, बाबानं तुले विचारलं, पाठक कोण? अन् तू म्हणाली, तुम्हाले वाटते तोच. कायचा ताठा होय हा? मी सरच्या स्कूटीत बेंडुक सोडला तवा दहा खोटं बोलून सुटलो. तुले एक खरं बोलता नाही आलं?

आज मी बाबाले छतावर नेलं. पाण्याच्या टाकीमागची जागा दाखवली. म्हटलं, रोज संध्याकाळी ऐकणारा इथं बसे, अन् तो मी होय. बाबा टाकीमागं वाकून पाहून आले. मग म्हणे, तिनं एकदा आपल्या तोंडानं सांगावं, पोट्टेवाल्यांले मी नाही म्हणतो. म्हणून काकूपासून लपवून हे पत्र भनपुरीले चाललेल्या चकलीच्या डब्यात, खाली. मामाच्या फोनवरून बाबाले फोन लाव. आजच. तो मोठ्या पोटाचा साहेब खिडकीत अडकला तिथंच तू भाग तोडून गेली. त्याले कोण काढीन? मले इंग्रजी येत नाही, दीदी.

तुझाच,
एकुलता एक पाठक
(यशदीप)