सुनंदाच्या कानातली धडधड

१८ जून, खामगाव
हंगाम संपून कापसाची जिनिंग गिरणी बंद होऊन महिना उलटला, तरी सुनंदाच्या उजव्या कानातली धडधड चालूच. माझी ही धाकटी बहीण जिनिंगच्या तोलकाट्यावर बसते, मशीनचा आवाज कानात बसला असेल, असंच सगळे म्हणायचे. मीही.
तिथले जुने फोरमन शेख चाचा आले होते. "अवं बाई, आपली अख्खी जिनिंग बहिरी हाय. तू एकटीच काऊन डॉक्टरकडं चालली?"
"चाचा, मशीन तं बंद हाय. मंग हे काय वाजून राह्यलं?"
तिनं माझं बोट आपल्या मनगटावर ठेवलं, दुसऱ्या हातानं कानातला ताल टेबलावर धरला. नाडी आणि ताल एकच.

२१ जून, अकोला
कानाचे डॉक्टर. आतलं सगळ्यात लहान हाड अडकलं असावं, म्हणून ऐकू कमी, ऑपरेशननं सुधारतं. गुरुवार ठरला. धडधडीचं कळल्यावर थबकले. आधी सीटी स्कॅन.
सुनंदाला घाई. कापूस यायच्या आत कान हवा. उजवीकडून गाडीवाल्यानं हाक मारली की कळत नाही, भांडणं होतात. मालकानं बजावलंय, असंच राहिलं तर दुसरा माणूस ठेवीन.
माझ्या पेपरच्या डेस्कचा फोन. बीटी बियाण्याच्या रांगांची बातमी एसटी स्टँडवरूनच सांगितली. वेळेत.

२४ जून
रिपोर्ट. काय लिहू.
चेहरा हलवणारा मज्जातंतू कानाच्या हाडातल्या बोगद्यातून जातो. तिचा तो बोगदा रुंद, कारण त्यात एक धमनीही आहे. गर्भात असते, जन्माआधी विरते. हिची विरलीच नाही. त्या लहान हाडाच्या कमानीतून निघून तंतूला खेटून वर जाते. कवटीच्या तळाशी एरवी वेगळ्या धमनीसाठी एक छिद्र असतं, ते त्या बाजूला नाही. त्यावरून खात्री पटली म्हणाले.
"न बघता हाड काढायला गेलो असतो तर..." डॉक्टर थांबले. मीच विचारलं. रक्तस्राव. अर्धा चेहरा कायमचा लुळा पडला असता.
चौतीस वर्षं हसतेय ही आमच्यात.
येताना एसटीच्या काचेत बघून ती गाल फुगवत होती, भुवया उचलत होती. समोरच्या बाईला हसू आलं. मला नाही.

२६ जून
ऑपरेशन रद्द. आता कानाला ऐकायचं मशीन, किंवा मुंबईचं मोठं हॉस्पिटल. तिथं करू शकतील. चेहऱ्याची हमी नाही. मशीननं माणसं ऐकू येतील, धडधड थांबेलच असं नाही.
मी म्हटलं, मशीन लाव, विषय संपला.
"तुहा संपला, दादा. माह्या कानात वाजून राह्यलं."
"अन् चेहरा?"
"तो बी माहाच हाय नं?"
आज पहिल्यांदाच बातमी पाठवायची राहिली. डेस्कला आधी खरं वाटेना.

२९ जून
डॉक्टरांचा फोन. मुंबईशी बोलणं झालंय, तारीख धरायची का, आज सांगा. मी "जरा विचार करून..." म्हणतोय तोवर सुनंदानं मोबाइल हातातून घेतला, डाव्या कानाला लावला आणि अंगणात गेली. दार ओढून घेतलं.
खिडकीतून पाठ दिसतेय. मान हलतेय. होकाराची, की नुसतं ऐकत असल्याची, इथून कळत नाही.