मणक्यातली बोअर

चार्टर्स टॉवर्स, मंगळवार

आदरणीय रॉली दाजींस,

डर्मटचा पालथं पडल्या पडल्या नमस्कार. (उताणा झालो की पाठ बोंब मारते.) तुमच्याकडे बोवेनला आंबा कसा आहे? ताई बरी ना? तुमचीही कंबर नाताळापासून धरलीय आणि तुम्ही खापर आंब्याच्या पेट्यांवर फोडताय, असं तिनं कळवलं. जपा. आता माझं ऐका.

मणक्यात डाग दिसला तेव्हा डॉक्टरांनी फोटो बघून सुई घातली, आणि निघालं काय, तर मेलेल्या हाडाचा भुगा. जन्मभर बोअर मारल्या मी, कोरडी गेलेली लगेच कळते. (गिऱ्हाईक निदान शिव्या तरी देतं. इथं सगळे गोड बोलायला लागले, तेव्हाच माझं धाबं दणाणलं.) कॅन्सरच असणार असं धरून मी लाडक्या बिस्किटला रडत रडत तुमच्या गाडीत बसवलं. त्या कुत्र्यानं मागं वळूनही पाहिलं नाही, ते दुःख वेगळंच.

मग टाउन्सविलच्या डॉक्टर विजेसिंघेबाई म्हणाल्या, हाडाच्या फोटोत जिवंत काय ते कळत नाही. म्हणून शिरेतून किरणांची साखर सोडायची. जिथं काही धुमसतंय ती जागा साखर ओढते आणि चमकते. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवायची आणि सुई नेमकी तिथं. अट एकच: साखर सोडल्यावर तासभर गप्प पडायचं, कारण जो स्नायू हलेल तो साखर खातो. दाजी, तासभर! नर्स सेफीना दोनदा दटावून गेली. पण पडद्यापलीकडच्या माणसाची बोअर आटलेली होती. माणुसकी म्हणून काही असते की नाही? चित्र आलं तर मणक्यात दिवा होताच, पण जीभ आणि घसा नाताळच्या झाडासारखा लखलखत होता. बाईंनी चष्मा वर केला. “डर्मट, सुई पाठीत घालू की जिभेत?”

आमची ग्वेन, बायकोच ती, शांतपणे म्हणाली, “हे सांगायला यंत्र कशाला हवं होतं?”

चमकणारी जागा कोरड्या बोअरपासून जेमतेम बोटभर लांब. तिथं सुई गेली आणि पू लागला. निकाल येईपर्यंतचे दिवस मात्र फार वाईट गेले. ग्वेननं एकदाही तोंड टाकलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटायची. शेवटी कळलं: कॅन्सर नाही, रानडुकरांचा जंतू! शिकारीतलं डुक्कर फाडताना बोटाच्या जखमेतून शिरलेला. तीन महिने गोळ्या, की मी ठणठणीत. ऐकून मी ढसाढसा रडलो, पालथाच.

आपला न मेलेला मेव्हणा,
डर्मट

ता.क. बिस्किट परत हवाय. मरणाऱ्यानं दिलेली वस्तू, तो मेला नाही तर परत करायची असते. त्याचं रक्तही तपासायचंय, त्या शिकारीत तोही होता.

आणखी ता.क. तुम्हीही होतात. डुक्कर आपण दोघांनी एकाच सुरीनं फाडलं, आणि तुमचा अंगठा कापला तेव्हा मी हसलो होतो. पत्र खरं यासाठीच, दाजी. वर लिहायची हिंमत झाली नाही. पेट्यांना बोल लावणं पुरे झालं. डॉक्टरबाईंना सांगून ठेवलंय, आणि ताईला तुमची बॅग भरायला. शनिवारी ग्वेन आणि मी कुत्रा न्यायला येतोय. पुढची सीट तुमची, थेट टाउन्सविलपर्यंत; बिस्किट मागं बसेल. गप्प राहायचा सराव आजपासून करा.