अळणी समुद्र

२ जानेवारी, सकाळी ६.४०

नवी वही. ही फक्त माझ्यासाठी, त्यामुळे खरं तेच लिहायचं. (संकल्प १.)

संकल्प २: बाबांना त्यांचा समुद्र परत द्यायचा.

कारण लिहून ठेवते, म्हणजे मध्येच उत्साह गेला तर वाचता येईल. तेवीस वर्षांपूर्वी बाबांनी याच खोलीच्या कोपऱ्यात समुद्र पाळला होता. ज्या हॉटेलचे पडदे ते शिवायचे, तिथून टाकून दिलेली काचेची टाकी आणली. वर ट्यूबलाइट, आत हवेचा पंप. पाणी सायकलवर कॅन बांधून थेट समुद्रातून. त्यात मासे होते, प्रवाळ होतं. मग मी जन्मले. पाळण्याला कोपरा हवा होता, म्हणून टाकी गेली. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कोणी मला कधी टोमणा मारला नाही, म्हणून जास्त लागतं.

सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांमुळे बाबांनी शिवणाचं दुकान बंद केलं. आता दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शर्टांचे खांदे कुठे उतरलेत ते सांगतात. सुरुवातीला दिवसाला वीस शर्ट सांगायचे. हल्ली दोन-तीन.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. पाणीपुरवठा कार्यालयाच्या लॅबमध्ये पाणी तपासते. मी नाही तर कोण?

६ जानेवारी

टाकी आली. एकशेवीस लिटर. उजाडणं-मावळणं करणारा दिवा, फेस काढणारं यंत्र, खारटपणा मोजणारा प्रोब, सगळं फोनवरच्या ॲपला जोडलेलं. बाबांनी विचारलं, बटण कुठंय? मी म्हटलं, फोनमध्ये. ते म्हणाले, म्हणजे तुझा फोन हरवला की सूर्य उगवायचा नाही?

दिव्यात ढगांची सोय आहे. अधूनमधून टाकीवर सावली सरकते. आईने विचारलं, घरात ढग कशाला? मी म्हटलं, नैसर्गिक वाटावं म्हणून. ती म्हणाली, मग खिडकी उघड की.

८ जानेवारी

मीठ विरघळवलं. खारटपणा बरोबर ३५. समुद्राचा असतो तितकाच. बाबा म्हणाले, पस्तीसच? शाळेत तर नव्वदच्या खाली येत नव्हतीस.

दोघांना समोर बसवून अर्धा तास समजावलं. मुख्य मुद्दा: पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. ते काम शेजारच्या कॅनमधला छोटा पंप करतो. पातळी जरा उतरली की सेन्सर त्याला जागा करतो. बाबा ऐकता ऐकता झोपले. आई मात्र मन लावून ऐकत होती. तिला शिक्षण मिळालं असतं तर! (संकल्प ५: आईला रोज काहीतरी शिकवणे.)

२८ जानेवारी

तीन आठवडे पाणी मुरलं. आज छत्री आली.

मत्स्यालयवाले काका बाबांचे जुने मित्र. टाकी गेली तेव्हा बाबांनी प्रवाळाचा शेवटचा तुकडा त्यांना दिला होता. काकांनी तो तेवीस वर्षं जगवला. दिसतो छत्रीसारखा: खाली दांडा, वर मऊ पसरट माथा, त्यावर शेकडो बारीक बोटं हलत असतात. काका दुकान आवरून मुलीकडे राहायला जाणार आहेत. मूळ प्रवाळ मागच्या उन्हाळ्यात गेलं. त्याचा हा एकच तुकडा उरला होता.

काकांनी बाबांना सांगितलं, मास्तर, हिच्यानंतर दुसरी नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, काय ग्रॅज्युएट, जमेल ना? मी त्यांना ॲप दाखवलं. ते म्हणाले, छान आहे, हिला पण दाखव.

बाबांनी छत्री दोन्ही हातांनी आत ठेवली. बाह्या भिजल्या तरी हात बाहेर काढेनात. संध्याकाळभर खिडकीकडे पाठ करून बसले होते. एकाही शर्टाबद्दल बोलले नाहीत.

३० जानेवारी

छत्री पूर्ण उघडली! ताटाएवढी नाही, पण बशीएवढी नक्की.

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पाहिलं तर पाणी रेषेच्या बोटभर वर. पंप नवीन आहे, उत्साही आहे. एक मोठा मग काढून बेसिनमध्ये ओतला.

४ फेब्रुवारी

आजही बोटभर वर. आजही एक मग. हे आता माझ्या दिनचर्येत बसवलंय: घरी येणे, हातपाय धुणे, मग काढणे. शिस्त ती हीच.

एक मोठा शोध: गोड्या पाण्याच्या कॅनमधलं पाणी आठवडाभरात जराही कमी झालेलं नाही. म्हणजे माझ्या झाकणाची रचना इतकी अचूक आहे, की पाणी आटतच नाही. यावर लेख लिहायला हवा. (संकल्प ८.)

९ फेब्रुवारी

प्रोब ३३ दाखवतोय. इंटरनेटवर वाचलं, प्रोब घसरतात. तीन वेगवेगळ्या लोकांनी तेच लिहिलंय. म्हणजे प्रोब घसरला. पाणी कसं घसरेल? ते तर मी स्वतः केलंय.

टाकीतलं पाणी ३५ आहे हे मला माहीत असल्यामुळे प्रोब टाकीत बुडवून आकडा ३५ वर लावला. पाच मिनिटांत काम.

१२ फेब्रुवारी

लॅबमध्ये एका सहकाऱ्याला सुनावलं. मीटर प्रमाण द्रावणात न तपासता त्याने खुशाल आकडे लिहिले होते. मी म्हटलं, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, तू म्हणजे ना, शाळा आहेस. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

घरी छत्री अर्धी मिटलेली. वाचलं: हे प्रवाळ अधूनमधून मिटतं आणि अंगावरची पापुद्र्यासारखी साय टाकून देतं. म्हणजे कात टाकतेय. प्रगती आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०.२०

(संकल्प ९, रविवारी लवकर उठणे, पुढच्या रविवारपासून.)

उठले तर बाबा फेरफटका मारून आले होते. डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज नऊला निघतात, दहाला परत. बूट न काढताच टाकीपाशी गेले, बोट बुडवलं आणि चाटलं.

म्हणाले, अळणी आहे.

मी प्रेमाने समजावलं. जीभ हे मोजमापाचं साधन नाही, वयोमानाने चव कमी होते, शिवाय हात धुतले होते का? ॲप दाखवलं. ३५. बाबांनी आकड्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं. म्हणाले, तुला जास्त कळतं, बाई.

किती समंजस आहेत बाबा!

१९ फेब्रुवारी

प्रोब परत ३३. परत ३५ केला. हा प्रोब म्हणजे मुलखाचा आळशी, सारखा खाली बसतो.

काच साफ ठेवायला आणलेली गोगलगाय टाकीतून वर चढून काठावर येऊन बसते. खाली सोडली, तासाभरात परत वर. तिला दिव्याचे ढग जवळून बघायचे असावेत.

२४ फेब्रुवारी

छत्री पूर्ण मिटली. आता मूठ दिसते. कात टाकायला बारा दिवस जास्त होतात का? सापालाही वेळ लागतोच.

उपाय केले: दिवा मंद. मग दिवा प्रखर. ढग वाढवले. ढग बंद केले. पाण्याचा प्रवाह डावीकडून उजवीकडे होता तो उजवीकडून डावीकडे केला. आई म्हणाली, तिला जरा शांत बसू दे गं, बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा एवढी वर्दळ नसते.

आईला विज्ञान समजायला वेळ लागेल. (संकल्प ५ मागे पडलाय.)

१ मार्च, रविवार, सकाळी १०.४५

छत्रीचा दांडा वाकला. माथ्याला तपकिरी डाग.

बाबा उठले. खुर्ची उचलून परत खिडकीपाशी नेली. मी म्हटलं, समोरून निळा शर्ट येतोय, खांदे बघा. ते म्हणाले, बरे आहेत.

खांदे बरे नव्हते. मलासुद्धा दिसत होतं.

४ मार्च

जेवण गेलं नाही. संध्याकाळी मग काढायला उभी राहिले आणि तशीच राहिले. मनात आलं, या माणसाने माझ्यासाठी एकदा टाकी सोडली. आता मीच दुसऱ्यांदा सोडायला लावतेय. पदवीचा कागद समोरच्या भिंतीवर, फ्रेममध्ये. त्याची काच मात्र स्वच्छ आहे.

मग काढला. शिस्त मोडून चालणार नाही.

संकल्प १४: काकांना बोलावणे. हरले म्हणून नाही. तज्ज्ञांचं दुसरं मत म्हणून.

८ मार्च, रविवार, दुपार

सगळं जसं झालं तसं लिहिते. संकल्प १.

काका पावणेनऊला आले, म्हणून मला उठावं लागलं आणि बाबांचा फेरफटका चुकला. काकांनी खिशातून नळीसारखं जुनं मापक काढलं, काचेवर टाकीचा एक थेंब टाकला, खिडकीकडे धरून डोळा लावला. म्हणाले, पंचवीस.

मी म्हटलं, ॲप ३५ म्हणतंय. त्यांनी विचारलं, प्रोब कशावरून लावलास? मी म्हटलं, दर आठवड्याला, टाकीच्या पाण्यावरून.

काका म्हणाले, म्हणजे पोरालाच विचारलंस, बाळा, तुला किती मार्क देऊ?

मी विषय बदलला. मीठ गेलं कुठे? मीठ उडत नाही, आटत नाही. सगळे टाकीकडे बघत असताना आई दोन्ही हातांत पाण्याचे दोन मोठे जग घेऊन आली आणि आमच्या मधून हात घालून एकेक करून टाकीत ओतू लागली.

आमच्या तिघांच्या माना तिच्याकडे वळल्या.

आई म्हणाली, काय झालं? नऊ वाजले ना! तूच म्हणालीस, पाणी आटतं, मीठ आटत नाही, गोडं पाणी घालावं लागतं. रोज घालते, ती आली त्या दिवसापासून. फिल्टरचं घालते हो, नळाचं नाही. मी म्हटलं, अगं, ते काम पंप करतो! ती म्हणाली, एवढासा पंप, तो काय करणार?

म्हणून कॅनमधलं पाणी कमी होत नव्हतं. (संकल्प ८ रद्द.)

मला धीर आला. चूक सापडली होती आणि ती माझी नव्हती. मी म्हटलं, आई, तू समुद्रात गोडं पाणी ओतत होतीस! आईने जग खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि विचारलं, संध्याकाळी मग भरभरून बेसिनमध्ये कोण ओतत होतं? मी घातलं ते गोडं. तू काढलंस ते खारं. मीठ तर तू नेलंस.

काकांनी टाळी द्यायला हात पुढे केला. आईने दिली.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण आई पुढे म्हणाली, जुन्या टाकीतसुद्धा मी रोज घालायचेच की. हे दुकानात गेले की. बिचारे मासे, तहानलेले वाटायचे.

बाबा हळूच खाली बसले. म्हणाले, अगं, आणि मी संध्याकाळी डबाभर काढायचो. पाणी कापडांवर सांडेल म्हणून.

तेवीस वर्षं दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. त्या वेळी महिन्याभरात सगळे मासे गेले होते. काका म्हणाले, मास्तर जेवणाच्या डब्यात हा तुकडा घेऊन आले, तेव्हा डब्यातलं पाणी मी चाखलं. म्हटलं, अळणी आहे. तर माझ्यावरच चिडले, म्हणे, स्वतः समुद्रातून आणलंय, अळणी कसं असेल?

मी बाबांना विचारलं, आणि पाळणा?

बाबा म्हणाले, कोपरा रिकामाच झाला होता. मग म्हटलं, पाळणा ठेवू. लोकांनी विचारलं तर सांगायलाही बरं वाटायचं.

म्हणजे माझ्यासाठी कोणी काही सोडलंच नव्हतं. ज्या ऋणाखाली मी दहावीपासून पहिल्या नंबरात येत होते, ते ऋणच नव्हतं. आधी हलकं वाटलं. मग जरा राग आला. मग बाबा हसायला लागले. दुकान बंद केल्यापासून पहिल्यांदाच. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, हसताय काय, मासे मेले होते! आणि तीही हसली.

छत्रीला मात्र हसू नव्हतं.

१४ मार्च

बाबांनी कारभार हातात घेतला. बादलीत मीठ विरघळवतात, रोज थोडं पाणी बदलतात. घाई नको म्हणतात, उसवताना जेवढं सावकाश, तेवढंच शिवताना. काचेवर शिवणाच्या खडूने रेघ मारली आहे आणि कागद चिकटवलाय: पाण्याला कोणीही हात लावू नये. खाली कंसात माझं आणि आईचं नाव.

माझ्याकडे काच पुसायचं काम आहे. फक्त बाहेरून.

२२ मार्च, रविवार

आज पाच वाजताच उठले. (संकल्प ९ पूर्ण!) दांडा सरळ. माथ्यावर एका बाजूला बारीक बोटं बाहेर आलीत. मोजली, एकोणीस. बाबांना उठवलं. ते चष्मा न लावताच धावले.

गोगलगाय खाली उतरली. ढगांचं काही नव्हतं तर.

२९ मार्च, रविवार

छत्री उघडली. अजून बशीएवढी नाही, पेल्याच्या तोंडाएवढी. बाबा सकाळपासून समोर बसलेत. पाठ खिडकीकडे.

दुपारी फोन वाजला. ॲपकडून अभिनंदन: सलग एकवीस दिवस खारटपणा अचूक ३५, तुम्ही आदर्श समुद्रपालक आहात. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, प्रोब तर आठ तारखेपासून फडताळावर, काकांनी दिलेल्या ३५च्या प्रमाण द्रावणाच्या कपात आहे. मग टेबलावर तीन वाट्या मांडल्या. एकीत छत्रीचं पाणी, एकीत तेच जरा पातळ केलेलं, एकीत चिमूटभर मीठ जास्त. म्हणाले, ओळखा.

मी आधी चाखलं. मधली वाटी, असं सांगून कारणंही दिली, साधारण पाच मिनिटं. मधली वाटी पातळ केलेली होती.

आईने बोट बुडवलं आणि सरळ बरोबर वाटी पुढे सरकवली. मी विचारलं, कसं ओळखलंस? ती म्हणाली, इतकी वर्षं तुमचा स्वयंपाक काय ॲपवर करते?

संकल्प १९: दर रविवारी सकाळी आईकडे चवीची शिकवणी. तिने होकार दिलाय. वेळ नऊची. अट एकच घातली: येताना मग आणायचा नाही.